देवरे सरांच्या लाटा

देवरे सरांनी पहिल्या भेटीत मला खोटारडा म्हटले नाही, एवढेच. अंतराळातल्या विरळ, विद्युतभारित वायूतून, म्हणजे प्लाझ्मातून, वैश्विक किरण जाताना चुंबकीय क्षेत्रात लाटा उठतात. त्या मी संगणकावर उठवल्या होत्या. चित्र देखणे होते आणि मी फुशारलो होतो. सर म्हणाले, "यातले किरण काढ आणि परत चालव." किरण काढले, तरी लाटा तशाच! त्या माझ्याच गणिताच्या चुकीने उठल्या होत्या. सरांनी हसू दाबले आणि मला विद्यार्थी करून घेतले.

सरांचा विश्वास कशावरच नाही. अंबडच्या कारखान्यातून आणलेल्या आमच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकांवर नाही, छापलेल्या शोधनिबंधांवर तर नाहीच. मी नामपूरहून नाशिकला येऊन वसतिगृहात राहायचो. "जेवलो, सर," म्हटले तरी त्यांना शंका. एकदा त्यांनी माझा डबा उघडायला लावला. तो कोरडा निघाला. त्यानंतर सरांच्या घरून दोन डबे येऊ लागले.

या लाटांवरच्या ज्या कामामुळे सरांचे नाव झाले, तेच मी अलीकडे नव्या संगणकावर चालवून पाहिले. गणितासाठी त्यांनी अवकाशाचे पाडलेले चौकोन मी अधिक बारीक केले. लाटा निम्म्याही उठेनात; म्हणजे सरांच्याही बऱ्याच लाटा गणितानेच उठवलेल्या असाव्यात. सरांच्या पंच्याहत्तरीला निघणाऱ्या, मी ज्यात लिहिणार होतो त्या गौरवग्रंथाचे संपादक हळूच म्हणाले, "सत्कार होऊन जाऊ द्या, मग बघू." मला त्यांचा संशय आला, आणि माझाही. सरांना हे कळू नये असे मलाही वाटत नव्हते ना? सत्काराच्या तोंडावर त्यांच्या जन्माच्या कमाईला हात लावायची मला भीती वाटत होती. तरी गेलो.

सरांनी आलेख हातात घेऊन पाहिला. त्यांचा चेहरा उतरला; मला ते बघवेना. मग त्यांनी बागलाणातल्या आपल्या घरच्या बोलीत विचारले, "हाई खरं शे का?"

"खात्री नाही, सर. पुरतं तपासायला काही वर्षं जातील."

"जाऊ देत. पण गौरवलेखात हे लिही. हे गाळून माझं कौतुक केलंस, तर मी सत्काराला येणार नाही."

म्हणून लिहिले. सरांना उदंड आयुष्य आणि ठणठणीत प्रकृती लाभो, ही प्रार्थना. आणि तीत माझा स्वार्थ आहे. सर चुकले होते असे ठरले, तरी त्या निकालावर आधी सरांनी शंका घ्यायला हवी. त्याशिवाय माझा त्यावर विश्वास बसायचा नाही.