काकूंचे गुडघे आणि जोखमीचा फॉर्म

म्युच्युअल फंडाच्या धंद्यात कमिशन हळूहळू साठतं, किस्से मात्र भसाभस साठतात. बारामतीत एका खताच्या दुकानावर माझं ऑफिस आहे. बावीस पायऱ्या, लिफ्ट नाही. त्यामुळे माझ्याकडे आलेला माणूस आधी धाप टाकतो, पाणी पितो आणि मग पैशाचं बोलतो. अकरा वर्षं हे किस्से ऐकतेय, आता पोटात मावेनात म्हणून सांगते.

आमच्याकडे पैसे घेण्याआधी एक फॉर्म भरून घ्यावा लागतो. समोरच्या माणसाला किती जोखीम झेपेल ते त्यातून कळतं. म्हणजे, कळतं म्हणतात!

* * *

निरवांगीचे तात्या, मिरचीवाले. त्यांना फॉर्मातला प्रश्न वाचून दाखवला, "गुंतवणूक वीस टक्के पडली तर काय कराल? विकाल, थांबाल, की आणखी घ्याल?"

"तुला कसं ठाऊक पडणार हाय ते?"

"तात्या, समजा पडली."

"ठाऊक हाय तर मग घ्यायला कशाला सांगतीस?"

अर्धा तास समजावलं. शेवटी त्यांनाच माझी दया आली. म्हणाले, "लिही, पडली की म्याडमला इचारून सांगतो!"

* * *

आबा सोमेश्वरनगरचे, पक्के ऊसवाले आणि साखर कारखान्याचे जुने सभासद. त्यांनी मोठ्या हौसेनं एका फंडात पैसे घातले. दिवाळीच्या आठवड्यात बावीस पायऱ्या चढून आले. हातात रिकामी पिशवी.

"साखर आली का?"

"कसली साखर, आबा?"

"आगं, सभासद झालो न्हवं आमी? कारखाना दर दिवाळीला देतोय. तुमचा फंड देत न्हाय व्हय?"

साखर मिळत नाही म्हटल्यावर ते वार्षिक सभेवर आले. चेअरमनला भर सभेत दोन प्रश्न विचारायचे होते. मी म्हटलं, "आबा, फंडात तसं उभं राहून भांडता येत नाही."

आबांनी पिशवीची शांतपणे घडी घातली. "जितं भांडता येत न्हाय तितं पैसं ठिवायचं? ही खरी जोखीम! ही लिही तुझ्या फॉर्मात!"

* * *

एकदा एका मंगल कार्यालयात गुंतवणूकदारांचा मेळावा झाला. पुण्याहून टाय लावलेले एक साहेब आले होते. भाषण झाल्यावर त्यांनी प्रश्न टाकला, "सामान्य माणसाला फार जोखमीच्या फंडात पैसे घालायला सरकारनं बंदी करावी का?"

सगळे जेवणाच्या वासाकडे लक्ष लावून बसलेले. काटेवाडीचे नाना तेवढे उठले.

"साहेब, मी दोन एकर टोमॅटो लावला. तोडायची मजुरीसुदीक निघाली न्हाय, जनावरं सोडली रानात. लावताना माझ्याकडनं कुणी फॉर्म भरून घेतला न्हाय."

साहेब खूश झाले. "म्हणजे बंदी नको, असंच ना?"

"फंडावर नको. टोमॅटोवर घाला!"

साहेबांचं आभारप्रदर्शन त्या हशातच वाहून गेलं.

* * *

मीही पोट धरून हसले होते. बंदी आली तर माझं दुकान अर्धं बंद, म्हणून मनातून नानांच्या बाजूनंच होते. मग एक दिवस तात्या परत आले, आणि माझं मत डळमळलं.

त्यांच्या बायकोचे, म्हणजे आमच्या काकूंचे, दोन्ही गुडघे गेलेले. बारामतीला आल्या की त्या खाली खताच्या दुकानातच स्टुलावर बसत, बावीस पायऱ्या त्यांना जमत नव्हत्या. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं आणि तात्यांनी त्यासाठी पैसे बाजूला ठेवले होते. तेच पैसे ते माझ्याकडे घेऊन आले.

"सगळं त्या बारक्या कंपन्यांच्या फंडात टाक. शेजाऱ्याचं दुप्पट झालं."

"तात्या, हे गुडघ्याचे पैसे!"

"म्हणूनच! आता एकाच गुडघ्याचं हायत. दुप्पट झालं की दोनी एकदम!"

फॉर्म पुन्हा भरला. उत्तर आलं, जोखीम कमी झेपते. पण नियमात फट आहे. 'मला धोका समजला आहे' असं स्वतःच्या हातानं लिहून दिलं की रस्ता मोकळा. तात्यांनी पेन उघडलं. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, सरकारनं या दाराला कुलूपच घालायला हवं होतं.

ग्राहकाची गोष्ट दुसऱ्याला सांगू नये, असाही एक नियम आहे. तो मी मोडला. खाली उतरले आणि काकूंना सगळं सांगितलं.

काकू स्टुलावरूनच जिन्याकडे तोंड करून ओरडल्या, "आवो! मिरचीचं नवं वाण आलं की आदी एकच सरी लावताय न्हवं? मग माज्या गुडघ्याचं सगळं रान कशापायी?"

वर पेनाचं टोपण लागल्याचा आवाज आला. तात्या खाली आले, ते काकूंना हाताला धरून दवाखान्याकडेच गेले. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

* * *

सात-आठ महिन्यांनी जिन्यात पावलं वाजली. सावकाश, पण एकटी. दारात काकू! बावीस पायऱ्या चढून आलेल्या, कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर गड जिंकल्याचा आनंद. मला भरूनच आलं.

"तात्या कुठं आहेत?"

"खाली बसवलंय स्टुलावर." काकूंनी खुर्ची ओढली आणि कमरेची पिशवी सोडली. "हे माज्या म्हशीच्या दुधाचं पैसं. दुसऱ्या गुडघ्याचं येगळं ठिवलंय, त्याला हात लावायचा न्हाय. त्यो बारक्या कंपन्यांचा फंड कुठला, त्यो दाव."

"काकू, त्यात फार धोका आहे!" मी घाईघाईनं फॉर्म पुढे घेतला. "वीस टक्के पडला तर काय कराल?"

"दुधाचा भाव पडला म्हणून दुभती म्हैस इकतं का कुणी? पुढचं इचार."

पुढचे सगळे प्रश्न पाच मिनिटांत संपले. उत्तर आलं, जोखीम जास्त झेपते. काकूंनी सही केली, जिन्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ह्यांना सांगू नको, पोरी. त्यांचा जीव बारका हाय."