चाकं जमिनीवर असताना

आमच्या गल्लीच्या टोकाला ज्याचं गॅरेज आहे, त्याला सगळे कानसेन म्हणतात. खरं नाव त्याच्या बायकोला ठाऊक असणार, पण ती ते फक्त रागावल्यावर वापरते. दुरुस्तीला कोणतीही गाडी येवो, हा आधी मागच्या सीटवर जाऊन बसतो, डोळे मिटतो आणि मालकाला सांगतो, "चालवा. बोलू नका." बायको म्हणते, "गाड्यांची कुजबुज ऐकू येते यांना. दूध उतू चाललंय म्हणून मी ओरडले की मात्र कान जातात."

मोजणीदार काकांची गाडी बावीस वर्षांची. काका जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. आता मणक्यात गाठ होती आणि उपचारांसाठी दिवसाआड इस्पितळात जावं लागे. गाडी काकू चालवायच्या, काका मागे आडवे. खड्डा आला की मागून 'खट्' व्हायचं आणि पाठोपाठ काकांचं 'आई गं'.

कानसेन एक फेरी मारून आला. "काकू, मागचे बुश गेलेत."

मागच्या चाकांचे दांडे गाडीला जिथे जोडलेले असतात, तिथे लोखंडी नळीत रबर असतं. धक्का आधी ते सोसतं, मग माणूस. तोच बुश. या गाडीच्या रबराचा पार भुगा झाला होता. कानसेनने जुने बुश दाबून बाहेर काढले, नव्यांना साबणाचं पाणी लावून ते सरळ रेषेत आत बसवले. तेल लावायला सोपं, पण तेलाने रबर फुगतं, म्हणून त्याच्याकडे तेलाला बंदी. काकू घड्याळाकडे बघत उभ्या होत्या. इस्पितळाने अकराची वेळ दिलेली होती. त्याने भराभर बोल्ट आवळले, जॅक उतरवला आणि म्हणाला, "पळा."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू चालत आल्या.

"आवाज गेला रे. पण धक्के वाढलेत. हे म्हणतात, आता मी गाडीत बसणार नाही. नऊ खेपा राहिल्यात. म्हणतात, घरीच पडू दे."

"रस्ताच तसला आहे, काकू," असं म्हणता म्हणता कानसेनची नजर गॅरेजमधल्या, गाडीखाली उतरायच्या खड्ड्याकडे गेली. खड्ड्यावरच्या फळ्यांवर जुन्या बॅटऱ्या रचलेल्या होत्या. आठवडाभर त्यांना कुणी हात लावला नव्हता.

बुशचे बोल्ट शेवटी आवळायचे ते चाकं जमिनीवर असताना, खाली खड्ड्यात उतरून. गाडी जॅकवर असताना आवळले तर चाकं लोंबकळत असतात आणि रबर तिथेच जखडतं. मग गाडी खाली टेकली की ते पिळलेल्या फडक्यासारखं ताणून राहतं. गाडी कडक चालते, रबरही लवकर फाटतं. कानसेनने हे गावातल्या निम्म्या मेकॅनिकांना ऐकवलेलं होतं, काहींना तर शिव्यांसकट.

"काकू," तो म्हणाला, "रस्त्याला उगाच बोललो. चूक माझी आहे."

चाकं चढवायचे दोन लाकडी उतार हातगाडीवर टाकून तो तसाच काकूंबरोबर त्यांच्या घरी गेला. मागची चाकं त्या उतारांवर चढवली, पुढच्या चाकांना विटा लावल्या आणि खाली सरकून बोल्ट सैल केले. 'कट्ट' आवाज करत रबराने पीळ सोडला. मग तो हात पुसून काकांच्या खोलीत गेला.

"काका, पाच मिनिटं गाडीत बसायचंय."

"मी बसणार नाही, हे सांगितलं ना तुला हिने?"

"सांगितलं. कुठे नेत नाही तुम्हाला. तुमच्या वजनावर बोल्ट आवळायचेत."

"माझं वजन! त्रेचाळीस किलो उरलंय. त्यापेक्षा एखादं पोतं टाक."

"पोत्याला नाही ना इस्पितळात जायचं."

काकांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "माझ्याने गाडी दबून मापात फरक किती पडेल?"

थाप मारायला जागा होती. पण या माणसाने आयुष्यभर साखळी ओढून जमिनी मोजल्या होत्या. "खरं सांगू? एखादा सेंटिमीटर."

"सेंटिमीटर!" काका हसले आणि हसण्यानेच कळ येऊन त्यांनी डोळे मिटून घेतले. "अरे, वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ एकमेकांची डोकी फोडताना पाहिलेत मी. धर हात."

दोघांनी त्यांना उचलून मागच्या सीटवर निजवलं. काकू आत बसून त्यांचे पाय धरून राहिल्या. कानसेन खाली गेला आणि एकेक बोल्ट सावकाश, पान्याला जोर देत आवळत गेला.

"झालं का रे?" वरून आवाज आला.

"झालं, काका. उतरवू?"

"थांब. आलोच आहे तर कोपऱ्यापर्यंत नेऊन आण म्हणावं हिला."

कानसेनने विटा काढल्या आणि काकूंनी गाडी उतारांवरून उतरवून रस्त्यावर काढली. कोपऱ्यावरच्या गतिरोधकाशी त्यांचा पाय ब्रेकवर घट्ट रुतला. "जा पुढे," मागून काका म्हणाले. गाडी वर चढली, पलीकडे उतरली.

परत दारात आल्यावर काका म्हणाले, "दुखलं. पण कालच्याइतकं नाही." मग काकूंना, "उद्या किती वाजता आहे आपलं?"

अकरा ही वेळ काकूंना तोंडपाठ होती. तरी ती सांगायला त्यांना थोडा वेळ लागला.