विमलच्या पिवळ्या हिऱ्याची परीक्षा

शेगाव स्टेशनवर सकाळी उतरले तेव्हा माझ्या पर्समध्ये नवंकोरं भिंग होतं आणि छातीत धडधड. इरा, नील, तुमच्या आजीनं जन्मभर ऑफिसात कागद तपासले, पण हिरा तपासायला निघायची ही पहिलीच वेळ!

तुमच्या आजोबांची धाकटी बहीण विमल पिंपळगाव राजाला राहते. तिचा मुलगा प्रकाश सुरतेला हिऱ्यांच्या कारखान्यात आहे. त्यानं बचतीतून आईला पिवळ्या हिऱ्याची अंगठी केली, सोबत प्रयोगशाळेचं इंग्रजी प्रमाणपत्रही दिलं. पण दोन महिन्यांपूर्वी शेजारीण शांताबाई म्हणाली, "सुरतले सारंच रंगवतात बाई, साड्या बी अन् खडे बी!" तेव्हापासून विमलला घास गोड लागेना. पोराला कुणी फसवलं, की पोरानंच आपल्याला? प्रकाशला विचारायची हिंमत नाही. शेवटी तिनं मला नाशिकहून बोलावून घेतलं.

स्टेशनबाहेर गरम कचोरी खाल्ली. आतली मिरची थेट डोक्यात गेली, आणि डोळे पुसतच खामगावची एसटी पकडली. दोन्ही बाजूंना काळी जमीन, फुटलेला कापूस, मधूनच तुरीची हिरवी पट्टी. खामगाव चांदीचं गाव. सराफ्यात शिरलं की दोन्हीकडून पैंजण आणि समया चमकतात. विमल एका दुकानाच्या पायरीवर वाट पाहत बसली होती, अंगठीवर मूठ घट्ट मिटून.

"वहिनी, मले तं भेवच वाटून राह्यलं. वापस जाऊ का?"

"आता नाही," मी म्हटलं आणि तिला आत नेलं.

दुकानमालकांची सून ऋतुजा रत्नपरीक्षा शिकून आलेली. मी प्रमाणपत्र मोठ्यानं वाचलं: हिरा नैसर्गिक, रंगही नैसर्गिक, 'फॅन्सी इंटेन्स यलो' म्हणजे भरदार पिवळा, रंग सगळीकडे सारखा. ऋतुजानं समजावलं, "पांढऱ्या हिऱ्यात थोडी पिवळी झाक आली की किंमत उतरते. पण रंग एका हद्दीपलीकडे गेला की उलटं होते. जितका भरदार, तितकं मोल जास्त. म्हणून रंगीत हिऱ्यात आधी रंग पाहायचा."

तिनं अंगठी पांढऱ्या कागदावर ठेवून वरून पाहिली. तिच्या कपाळाला आठी पडली.

"काकू, हा रंग सारखा नाही. कडेला तांबूस, मधात फिक्का. अन् प्रमाणपत्राचा नंबर हिऱ्याच्या कडेवर लेसरनं कोरलेला असते, तो बी दिसून नाही राह्यला."

विमलनं माझा दंड धरला. ऋतुजानं अंगठी कोमट साबणपाण्यात सोडली आणि मऊ ब्रशनं खालून घासू लागली. आणि पांढऱ्या वाटीतलं पाणी पिवळं झालं!

"उतरला! रंग उतरला!" विमल ओरडली. "शांताबाई खरं बोलली व माय!"

ऋतुजानं मात्र वाटी नाकाशी नेली आणि खो खो हसत सुटली. "काकू, खड्याले काय लावता तुम्ही?"

"दर गुरुवारी हळद अन् तूप. गुरूचा खडा म्हणून पूजा करतो नं आम्ही!"

"मंग हळदच उतरली! हिऱ्याले तूप लई धरते. मागं सारा थर बसला होता."

पुसलेला खडा तिनं पुन्हा कागदावर ठेवला. पोरांनो, काय सांगू! पिकल्या लिंबासारखा स्वच्छ पिवळा, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा. मी भिंग लावलं. खडा धरून ठेवणाऱ्या दोन दात्यांच्या मध्ये, हिऱ्याच्या कडेवर, मुंगीच्या पायाएवढे आकडे. मी एकेक वाचला, ऋतुजानं प्रमाणपत्राशी जुळवला. तोच क्रमांक प्रयोगशाळेच्या वेबसाइटवर टाकला. मापं जुळली, आतला बारीक ठिपका प्रमाणपत्रावरच्या हिऱ्याच्या नकाशात दाखवला होता तिथेच सापडला. आनंदानं मी टेबलावर थाप मारली आणि वाटी लवंडली.

"हाच तो हिरा," ऋतुजा म्हणाली. "पक्की किंमत खडा कोंदणातून काढून वजन केल्यावरच सांगता येईल. पण अंगठी विकायला काढली तर घाई करू नका, मोल चांगलं येईल."

विमलचं तिकडे लक्षच नव्हतं. तिनं तिथूनच प्रकाशला फोन लावला आणि रडत सगळं कबूल केलं. "मी तुयावर शक घेतला रे."

पलीकडून हसू आलं. "आई, आमच्या इथं बाप बी पोराच्या हातचा खडा पह्यले भिंगाखाली धरते. त्याचा राग कोणी नाही मानत."

"मंग मी दोन महिने काऊन जळून राह्यली होती?"

"मले इचारलं असतं तं तेव्हाच सांगतलं असतं, हळद लावू नको म्हणून!"

परतीच्या गाडीत मी हे लिहिते आहे. हिरा तपासायला आज अर्धा तास लागला, मुलाला विचारायला विमलला दोन महिने लागले. तुम्ही दूर राहता. माझ्याबद्दल किंवा घरातल्या कुणाबद्दल मनात काही आलं, तर लगेच फोन करून विचारा. प्रकाशसारखी हसेनच असं वचन देत नाही. पण उत्तर देईन.