चिमूटभर राख

आमच्या घरी राख भांड्यांपेक्षा माशांना जास्त लागायची. चामोर्शीजवळच्या आमच्या गावात तलावाची मासेमारी हाच घरचा धंदा. वाम मासळी नुसत्या हाताने धरली तर सटकते. बोटांना राख लावली की तिची सुटका नाही. आई तीच राख माझ्या हनुवटीला लावायची.

सातवी-आठवीत मला हनुवटीवर केस यायला लागले. लव नव्हे, चांगले राठ केस. दर बाजाराच्या दिवशी सकाळी आई मला मागच्या अंगणात उन्हाकडे तोंड करून बसवायची आणि राखेच्या चिमटीने एकेक केस उपटायची. मासा आणि पोरगी, दोन्ही ती सारखंच मन लावून साफ करायची.

"हालू नोको," ती म्हणायची. "मी का करू, बापाच्या घरचं हाय हे. आत्यावर गेली तू."

म्हणून मी आत्याचा राग करायचे. आत्या वर्षातून एकदा यायची, पोह्याचे लाडू आणायची, आणि मी तिच्या हनुवटीकडे टक लावून बघत बसायचे. एकही केस दिसायचा नाही. बाई लबाड आहे, येण्याआधी उपटून येते, असं मी ठरवून टाकलं होतं. ती वारली तोवर मी तिच्याशी कधी धड बोलले नाही.

एटापल्लीला शिक्षिकेची नोकरी लागली तेव्हा मी मनाशी एकच शपथ घेतली. यापुढे हनुवटी आईच्या हाती द्यायची नाही.

मग सगळे उपाय झाले. क्रीम लावलं. त्याचा वास सडक्या अंड्यासारखा, आणि पाच मिनिटं जास्त ठेवलं तर कातडी निघाली. दुसऱ्या दिवशी वर्गात एका पोरीने विचारलं, "मॅडम, भाजलं का?" मी हो म्हटलं. वॅक्सने एका ओढीत काम व्हायचं, पण नंतर आठवडाभर पुटकुळ्या. दोरा मला सगळ्यांत मानवला. डोळ्यांतून पाणी येतं, पण पार्लरमधून बाहेर पडल्यावर माणूस मान वर करून चालतं. वस्तरा सगळ्यांत सोपा आणि बिनदुखा, तरी मी त्याला भ्यायचे. "पत्ती लागली का मिशा येतात," असं आई म्हणायची. तसं काही होत नाही हे मला डॉक्टरांनी सांगितलं, मी वाचलंही, पण पत्ती मी कधी लावली नाही. नागपूरला लेझरही सुरू केलं. केस खरंच कमी झाले. मग पावसाळ्यात नाले भरले, रस्ता बंद, दोन खेपा चुकल्या, आणि ते पुन्हा हजर.

यंदा आईला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी तिला चंद्रपूरला दवाखान्यात आणलं. वडील आधीच गेलेले, तिला मीच एकटी.

तिला गिळता येत होतं, डॉक्टरांनी तपासून पाहिलं होतं. पण ती खात नव्हती. मी चमचा पुढे केला की डाव्या हाताने पदर ओढून तोंड झाकायची. मला वाटलं, माझ्यावर रागावली आहे. इतकी वर्षं गावी टाकून ठेवलं म्हणून. मी पदर खेचायचे, ती पुन्हा घ्यायची. "काऊन छळून राह्यली मले?" असं मी सगळ्या वॉर्डासमोर तिच्यावर ओरडले. सहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत तोंडाने घेतलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल.

त्या दुपारी तिला डुलकी लागली आणि पदर घसरला. खिडकीतून ऊन थेट तोंडावर आलं होतं. हनुवटीवर केस होते. पांढरे, काळे, दाट, जबड्याच्या कडेपर्यंत. माझे जिथे येतात, अगदी तिथेच.

मला आधी राग आला, दया नंतर. गॅस आल्यावरही ती चूल मोडू देत नव्हती, "पानी तापवाले लागते" म्हणायची. रोज पहाटे चुलीपुढे आमच्याकडे पाठ करून बसायची. लहानपणापासून मी ती पाठ बघितली आणि मला वाटलं, राख काढते आहे; ती हनुवटी साफ करत होती. बिचाऱ्या आत्याचे लाडू आठवले.

पण रागावून बसायला वेळ नव्हता. संध्याकाळी जेवण यायचं होतं. मी एकेक उपाय मनात घोळवला. दोऱ्याला आपली कातडी आपणच ताणून धरावी लागते, गालात जीभ खुपसून. ते तिला कुठून जमणार? क्रीम किंवा वॅक्सने अर्धं तोंड भाजलं असतं तरी तिला कळलं नसतं. उरला वस्तरा. औषधाच्या दुकानातून आणून मी तो तिला दाखवला. तिने डोळे घट्ट मिटले आणि डाव्या हाताने तो माझ्या हातातून पाडला.

दवाखान्याच्या आवारात पेशंटचे नातेवाईक तीन विटा मांडून स्वयंपाक करतात. शेजारच्या खाटेवरच्या बाईची आई, गोंडपिपरीकडची म्हातारी, तिथे भाकरी भाजत होती. मी तिच्याकडे राख मागितली.

"भांडे घासाले?" तिने विचारलं.

"हो बाई," मी म्हटलं. आमच्या घरातलं खोटं मीही पुढे चालू ठेवलं.

खाटेचा पडदा ओढून मी कागदातली राख आईला दाखवली. तिने पदरावरचा हात काढला. उजव्या बाजूचे केस काढताना तिला काहीच कळलं नाही. डावीकडचे काढताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ती हलली नाही. "हालू नोको," असं मी उगाचच म्हणत होते. तासभर लागला. मग तोंड पुसलं, चमचा पुढे केला, आणि तिने वाटीभर पेज घेतली.

वाटी ठेवायला मी वाकले तेव्हा तिचा डावा हात वर आला आणि माझी हनुवटी चाचपू लागला. आठवडाभर मी आरशात पाहिलं नव्हतं. तिने कागदातल्या राखेत बोटं बुडवली.

मी शपथ विसरले नव्हते. खाटेच्या कडेवर बसले आणि खिडकीतल्या उतरत्या उन्हाकडे तोंड केलं. डाव्या हाताला ती सवय नव्हती आणि चिमटीत जोरही उरला नव्हता. तिची बोटं पुन्हा पुन्हा घसरत राहिली, एकही केस निघाला नाही, आणि मी हलले नाही.