लांबून ऐकू येणारा हेडफोन

"हेडफोन घ्यायला मामांना घेऊन जा," असं आईनं बजावलं आणि तिथंच माझं डोकं फिरलं. आमच्याकडं साधा मिक्सर घ्यायचा तरी जाणकार माणूस लागतो. आवाजातले जाणकार म्हणजे मामा, कारण गडमुडशिंगीत त्यांचा लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता.

मला हेडफोन हवा होता तो एका कॅसेटसाठी. बाबा जयंतीच्या गायनपार्टीत मागं उभं राहून कोरस म्हणायचे. ते गेले तेव्हा मी शाळेत होते. त्यांचा आवाज म्हणून घरात उरली ती गावातल्या कार्यक्रमाची एकच कॅसेट, आणि तिच्यात मुख्य गायकाच्या कोकलण्याशिवाय काही कळायचं नाही. वॉकमनबरोबर मिळालेल्या इयरफोनमध्ये तर सगळेच डब्यात तोंड घालून गात होते. माझी नोकरी नवी, पगार घरात जायचा. भिशी लागली तेव्हा कुठं चांगला हेडफोन घ्यायचं धाडस झालं. पुन्हा तेवढे पैसे हाताशी कधी येतील, देव जाणे.

मंगळवार पेठेतल्या दुकानदारानं खोकं काउंटरवर ठेवलं. "ऐकून बघते," मी म्हटलं. त्यानं उत्तर दिलं ते मामांना. "पावणं, खोकं फोडलं की माल तुमचा."

साडी अंगावर टाकून बघू देतात, आंबा हुंगू देतात, आणि कानाला लावायची वस्तू तेवढी न ऐकता घ्यायची! मी आवाज चढवला तेव्हा त्यानं कपाटातून वापरातले दोन नमुने काढले. कॅसेट आणि वॉकमन मी आणलेच होते. पहिला हेडफोन कानाला लावणार एवढ्यात मामांनी तो हिसकावला, आवाज पूर्ण वाढवला आणि हात लांब करून धरला.

"हितनं ऐकू आलं पायजे. दम हाय का न्हाय, तवा कळतंय."

दुसरा धरला, तर त्यातून बाहेर काहीच येईना. "ह्यो मुका हाय. ठेवा आत." दुकानदारानं मान डोलावली. दोन बाप्ये हेडफोन लांबून ऐकत उभे, आणि जिला ऐकायचंय ती कोरडी!

"मामा, मांडवात लावायचा न्हाय मला त्यो!" मी एवढ्यांदा ओरडले की रस्त्यावरची माणसं थांबली. आवाज कमी केला, मुका हेडफोन ओढून घेतला आणि कानांवर दाबला.

ढोलकी स्वच्छ आली. गाणं संपलं. पुढचं सुरू व्हायच्या आधीच्या गलक्यात मागून बाबा बोलले, "मेव्हणं, माइक जरा हिकडं बी सरकवा की."

आणि माइकच्या अगदी जवळून मामांचा तरुणपणचा आवाज आला, "दाजी, कोरसला कशाला माइक? गप हुबं ऱ्हावा."

गाणं सुरू झालं. मी डोळे मिटून ऐकत राहिले. कोरसचा नुसता गलबला होता, त्यात बाबा कुठंच सापडेनात. कॅसेट मागं घेतली, हेडफोन मामांच्या डोक्यावर चढवला आणि बटण दाबलं.

ऐकून झाल्यावर त्यांनी तो काढून काउंटरवर ठेवला. माझ्याकडं बघेनात.

"दाजी लई बारीक आवाजात गायचं," ते म्हणाले.

"न्हाय मामा. माइक लांब हुता."