तोंडवलीच्या रापणीवरचा दांडगा

मी मालवणात फौजदार होतो, त्या काळातले खुनाचे तपास आता धूसर झाले. एक आरोपी मात्र अजून डोळ्यांपुढे आहे. तो कुत्रा होता.

तोंडवलीहून अर्ज आला: एका मासे विकणाऱ्या विधवेचा दोन वर्षांचा कुत्रा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढतात तिथे, अंगावर येतो, एकाला चावला आहे, त्याला गोळी घालावी. चावा बसलेल्या माणसाला सुया घ्यायला पाठवलं आणि कुत्रा दहा दिवस ठाण्याच्या आवारात बांधून ठेवला. पिसाळलेला नव्हता. तरी गाव ऐकेना. मुलगाही जवळ नसलेली ती बाई रडत म्हणाली, "सायबा, घोव दर्यान नेलो, झील मुंबयक. घरात माका ह्योच आसा. तेका मारू नकात."

चौकशीशिवाय शिक्षा नाही, असं गावाला बजावून मी साध्या वेशात रापणीवर गेलो. बाईने कुत्रा दोरीला धरला होता. माणसांनी जाळं ओढून किनाऱ्याला आणलं, कुत्रा गुरगुरला आणि एकाने लगेच त्याच्यापुढे बांगडा टाकला. तो दुसऱ्यावर गुरगुरला, तिथेही बांगडा!

"हे रोज चालतं?" मी दरडावलं.

"होय तर," जाळं ओढणारा एक जण म्हणाला. "जाळ्याच्या दोरयेक हात लावल्यान तेका माशांचो वाटो. ह्यो पिल्लू हुतो तेवा दोरी चावी, म्हणान मस्करेन तेकाय वाटो दिलो. आता नाय दिलो तर अंगार येता."

चावा बसलेला माणूस नवखा होता, त्याने मासा टाकला नव्हता. तपास तिथेच संपला. कुत्र्याला खंडणी घ्यायला गावानेच शिकवलं होतं!

ढोरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "खच्ची केला तर भटकणं, झुंजणं कमी होईल. लागलेली सवय तुम्हीच मोडायची." गाव हसलं, "बैल खच्ची करतत, कुत्रो कोण करता?" मी करवून घेतला. मग हुकूम काढला: गुरगुरला की सर्वांनी पाठ फिरवायची, गप बसला की फक्त बाईने हाताने मासा द्यायचा. पहिले आठ दिवस तो जास्तच पिसाटला. मासा टाकायला माणसांचे हात शिवशिवत, म्हणून मी हवालदार ठेवला, तो कुत्र्यावर नव्हे, माणसांवर.

तीन महिन्यांनी चावा बसलेला माणूसच ठाण्यात आला. "सायबा, अर्ज मागे घेतंय. काल ह्यो कुत्रो माझ्या पायाकडे निजलो हुतो." दारात ती बाई पदराने डोळे पुसत हसत होती. माझी छाती फुगली, ती आजही फुगते.

पुढे कुणी तरुण दांडगा धरून आणला की मी आधी विचारायचो, याने डोळे वटारले की पुढ्यात मासा कोण टाकतं? बहुतेक वेळा तो मासा टाकणारा माणूसच जामीन राहायला बाहेर उभा असायचा.