‘खडक’ची एकुलती एक कॅसेट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर त्या वेळी दारातच उभी होती.

तुम्हाला सांगणं सोपं जातंय, कारण तुम्ही महालिंगला पाहिलेलं नाही. पाहिलं असतं, तर तुम्ही पहिल्या पानावरच त्याच्या बाजूचे झाला असता. सगळेच व्हायचे. मीसुद्धा होतो — निदान तसं दिसायचं.

महालिंग सिरसाळ्याचा. वडिलांचं भुसारचं दुकान. मी परळीचा. अंबाजोगाईला कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो, आणि तिसरा रफिक. रफिकचे मामू सौदीला होते. ते सुट्टीला आले की खजुरांबरोबर कॅसेटी आणायचे, विलायती रॉक बँडांच्या. गाण्यातला एक शब्द कळायचा नाही. पण गिटार सुरू झाली की आमच्या खोलीच्या पत्र्याला कंप सुटायचा, आणि आम्हाला वाटायचं, हे आपल्यासाठीच वाजवलंय.

मग आम्हीही बँड काढला. रॉक म्हणजे खडक, म्हणून नाव ‘खडक’. पहिला फलक लागला तेव्हा कॉलेजच्या शिपायानं विचारलं होतं, “काय बे पोरांनो, खडीचं क्रशर काढलं का?” रफिक ड्रम वाजवायचा, मी गिटार, महालिंग गायचा. सुरुवातीला तो इंग्रजी गाणी तोंडाला येईल तशी म्हणायचा. नंतर मी मराठीत गाणी लिहायला लागलो. शब्द माझे, चालही माझी. दोन वर्षांत सात-आठ कार्यक्रम झाले असतील. गणपतीत, गॅदरिंगला. आणि प्रत्येक ठिकाणी एकच गाणं लोक परत मागायचे — पुलाखालून वाहणं विसरलेल्या नदीचं. ते मी तीन रात्री जागून लिहिलं होतं.

लोक त्याला काय म्हणायचे, ठाऊक आहे? महालिंगचं गाणं.

आता वाचताना तुम्हाला वाटेल, एवढंच? हो, एवढंच. मलाही कित्येक वर्षं वाटायचं की एवढंच आहे, आणि एवढ्याशा गोष्टीचं माणसानं काय धरून बसायचं. पण धरून बसलो. मी शाळेत मास्तर झालो, तो दुकानावर बसला, रफिकनं सिरसाळ्याच्या फाट्यावर टायरचं दुकान टाकलं. बँड केव्हाच मोडला होता. तरी लग्नाकार्यात कुणी ना कुणी भेटायचा आणि म्हणायचा, “तुम्ही त्या महालिंगच्या बँडात होते ना? मागं काहीतरी वाजवायचे?” मागं काहीतरी. मी हसायचो. मला फार छान हसता येतं.

एक गोष्ट विशेष सलायची. चौसाळ्याच्या गणपतीत आमचा सगळ्यात मोठा कार्यक्रम झाला होता. त्या दिवशी तरी त्यानं सांगावं, गाणं कुणाचं आहे ते, असं मला वाटत होतं. मी तारा जुळवत होतो, कर्णे किंचाळत होते, पोरं ओरडत होती — आणि त्यानं गाणं सुरू केलं. माझं नाव नाही घेतलं. वीस-बावीस वर्षं मी हे वाक्य मनात म्हणत आलो. माझं नाव नाही घेतलं.

त्या कार्यक्रमाची कॅसेट होती. रफिकनं मामूंच्या टेपवर भरलेली, एकच प्रत. दुसऱ्या दिवशी महालिंगनं कॅसेटच्या पाठीवरचे प्लॅस्टिकचे दोन्ही तुकडे नखानं मोडून टाकले. ते मोडले की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही, टेपचं लाल बटण दाबलंच जात नाही. “आता आपण अमर झालो बे,” तो म्हणाला आणि कॅसेट माझ्या हातात दिली. “तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. आमच्या दुकानात उंदरं खातील. तू वस्तू जपतूस.”

मी वस्तू जपतो. त्याचं माझ्याबद्दलचं मत होतं ते.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही चाळिशी ओलांडली होती. रफिकच्या पुतण्यानं पुण्याहून एक सीडी आणली — आमच्या कॉलेजच्या दिवसांतला एक बँड म्हातारपणी पुन्हा एकत्र आला होता, त्याचा कार्यक्रम. टायरच्या दुकानात, रविवारी सकाळी, आम्ही तिघं ट्यूबांच्या ढिगावर बसून तो बघत होतो. पांढऱ्या केसांची माणसं. गायकाचा आवाज वरच्या पट्टीत फाटत होता. एका जागी त्यानं माईक नुसता लोकांपुढे धरला, आणि ती ओळ हजारो लोकांनी म्हटली.

“ड्रमवाल्याचे गुडघे बघा,” रफिक म्हणाला. “कार्यक्रम झाल्यावर ह्याला उठवायला जॅक लावावा लागंल.”

महालिंग हसला नाही. तो पडद्याकडे बघत होता. “सुध्या,” तो मला म्हणाला, “आपुन बी करू की. पोरीला एकदा दाखवू, बाप काय होता ते. लई न्हाई, चार गाणी.” त्याची गौरी तेव्हा आठवी-नववीत असेल.

मग वाद झाला, आणि पुढचे दोन-तीन रविवार चालू राहिला. मी विरोधात होतो. मी वाचणारा माणूस, मला मुद्दे सुचतात. मी म्हणालो, ही माणसं आपलीच जुनी तसबीर खराब करतायत. विशीतलं काम विशीतच संपतं, त्याचा वारसा तसाच राहू द्यावा. लोक टाळ्या वाजवतात त्या गाण्याला नव्हे, स्वतःच्या तरुणपणाला. महालिंग ऐकून घ्यायचा. म्हणायचा, “आवाज गेलाय ते मला बी ऐकू येतंय गुरुजी. पण त्याची वरली पट्टी लोकं लावतायत, ते दिसंना का तुला?” मला दिसत होतं. तेच तर बघवत नव्हतं. चौसाळ्यात, नाहीतर सिरसाळ्याच्या बाजारात, चार म्हातारे माझी ओळ त्याच्यासाठी म्हणतील — आणि मी मागं काहीतरी वाजवत असेन.

माझे मुद्दे खोटे होते का? आजही मला ते पटतात. कदाचित हेच सगळ्यात वाईट आहे. खऱ्या मुद्द्यांच्या आड उभं राहून मी काय लपवत होतो, ते कुणालाच कळलं नाही.

तिसऱ्या रविवारी रफिक त्याच्या बाजूनं गेला. महालिंग म्हणाला, “बुधवारी परळीला येतो. कॅसेट काढून ठेव. शब्द विसरलोय मी, ऐकून बसवतो.”

मंगळवारी शाळेतून दुपारी लवकर आलो. कॅसेट कपाटातून काढली. इतक्या वर्षांत मी ती लावली नव्हती — हे तुम्हाला खरं वाटेल? जपली होती, पण ऐकली नव्हती. टेपमध्ये घातली. कर्ण्यांची खरखर, शिट्ट्या, रफिकच्या काठ्या. मग नदीचं गाणं यायच्या आधी महालिंगचा आवाज आला. विशीतला, मोठा, जरा घाबरलेला. तो म्हणत होता, “आता जे गाणं हाय ते माझ्या दोस्ताचं हाय. सुधाकरचं. त्यानं लिहिलं, त्यानंच चाल लावली. मी नुसता वरडणार हाय.”

लोक हसले होते. शिट्ट्या वाजल्या होत्या. मी तेव्हा तारा जुळवत होतो.

मी बटण दाबून मागं घेतलं आणि पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसानं काय करायला हवं? रडायला हवं. चप्पल घालून सिरसाळ्याची बस धरायला हवी. मला काय झालं ते मी लिहितो. मला राग आला. बावीस वर्षं ज्या वाक्यावर मी उभा होतो, ते वाक्य त्यानं काढून घेतलं. तो चांगला गात होता, देखणा होता, लोकांचा लाडका होता — आणि वर न्यायीही होता. मग माझ्याकडे काय उरलं?

मी टेबलाच्या खणातून चिकटपट्टी काढली. मोडलेल्या तुकड्यांच्या जागी जी भोकं होती, त्यांवर चिकटवली. असं केलं की लाल बटण पुन्हा दाबलं जातं, आणि जुन्यावरून नवं भरता येतं. कॅसेट सुरुवातीला नेली. लाल बटण आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही एकदम दाबली.

तीस मिनिटं लागतात एका बाजूला. हे मला सांगायचंय तुम्हाला. फोडणं, फेकणं एका झटक्यात होतं, नंतर रागाच्या नावावर टाकता येतं. ही तीस मिनिटं मी खुर्चीत बसून होतो. चाकं फिरत होती. थांबवायचं बटण बोटाच्या अंतरावर होतं. दहा मिनिटांनी थांबवलं असतं तर नदीचं गाणं वाचलं असतं, ते शेवटाकडे होतं. मला ते माहीत होतं. मी थांबवलं नाही. बाजू संपली, तेव्हा कॅसेट उलटी केली.

बुधवारी महालिंग आला. मी म्हणालो, ओल लागून बुरशी चढली होती, फेकून दिली. तो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “जाऊ दे बे. तुझ्या डोक्यात तर हाय ना सगळं? तूच शिकव परत.” मी म्हणालो, मलाही आठवत नाही. शब्दसुद्धा नाहीत.

मला आजही शब्द न् शब्द पाठ आहे.

कार्यक्रम झाला नाही. तीन वर्षांनी महालिंगच्या घशात गाठ निघाली. सोलापूरला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला, कायमचा. मी भेटायला गेलो होतो. त्याच्या उशाशी शाळेची वही होती, तिच्यात लिहून तो बोलायचा. त्यानं लिहिलं आणि वही माझ्याकडे सरकवली: ‘गुरुजी, तुझं बरोबर होतं. तरुणपणाचं तरुणपणातच संपावं.’

मी वही परत केली. काही बोललो नाही. बोलता येणारा मीच होतो खोलीत.

या संक्रांतीनंतर तो गेला. त्यांच्या शेतात त्याला माती दिली. परतताना गौरी माझ्याजवळ आली. आता तिलाही मूल आहे. म्हणाली, “काका, बाबांचं गाणं मी कधी ऐकलंच न्हाई. लहानपणी ते दुकानात गुणगुणायचे, तेवढंच. रफिककाका म्हणतेत एक कॅसेट होती. कुठं असंल का हो?”

मी म्हणालो, “नाही बाळा. ती खराब झाली होती.”

खरं लपवण्याची ही तिसरी वेळ.

आता राहिलेलं. माझी बायको मंदा सात वर्षांपूर्वी वारली. तिच्याकडे बटणांचा साधा फोन होता, तिचा आवाज कुठंच राहिला नाही, असं मी धरून चाललो होतो. महालिंगला माती देऊन आल्यावर मी कपाट उघडलं. कॅसेट मी टाकली नव्हती — मी वस्तू जपतो. वाटलं, कुठं तरी एखादी ओळ सुटली असेल, तेवढी तरी गौरीला देता येईल. लावली. ओळ नव्हती. पण पट्टी कोरीही नव्हती. टेपचा स्वतःचा माईक त्या दुपारी चालू राहिला होता, ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पंख्याचा आवाज आहे. माझं खाकरणं आहे. रस्त्यावरून भंगारवाला जातो. आणि मधेच, दारातून, मंदा:

“अहो, काहून बसलात असं? च्या टाकू का?”

आणि माझा आवाज, अगदी शांत: “टाक. कॅसेट ऐकतोय जरा.”

“कोणाची?”

त्यावर मी काही बोलत नाही. भांडं लागल्याचा आवाज येतो, मग नुसता पंखा.

गौरीच्या वडिलांचा आवाज जिथं होता, तिथं आता माझ्या बायकोचा आहे. मी ती रोज लावतो. ती विचारते, कोणाची, आणि मी गप्प असतो. मग बाजू संपते, बटण आपोआप वर येतं.